धाकटीचं ब्लेड

धाकटे,

तू पट्ट्या आणायला खाली गेली आहेस, तोवर लिहिते. जिन्यात तुझी चाहूल लागली की फाडून टाकेन.

नवा गुडघा बसवायच्या आदल्या दिवशी तू माझ्या पायावरून ब्लेड फिरवलंस. नर्सने नको म्हणून बजावलं होतं, पण तुझं आपलं, "ताई, असा केसाळ पाय डॉक्टरांना दाखवायचा?" मग सांध्यात पू झाला, गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागला. "माझ्यामुळेच झालं गं," म्हणून तू रडलीस आणि नोकरी सोडून माझं हगणंमुतणं काढायला लागलीस.

पुवाचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला एकटीला विचारलं, "हे जंतू तोंडातले आहेत. दात किडलाय का?" किडलाय. ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून मीच लपवला होता. तुझ्या ब्लेडचा काडीचा संबंध नाही.

सांगणारच होते. पण काल सूप गार होतं, मी नुसतं गुडघ्याकडे पाहिलं, तर तू धावत जाऊन गरम करून आणलंस.

आत्ताच दारापर्यंत चालून आले, आधाराशिवाय. तू येतेयस वाटतं. आडवी होते.

तुझी लाडकी,
ताई