जर नापास झालीस, तर दुकान

३ मार्च
जेवताना बाबांनी फर्मान काढलं — "जर तर्कशास्त्रात नापास झालीस, तर माझ्यासोबत दुकानात घड्याळं दुरुस्त करत बसायचं." आईला माझी दया आली. मी मान खाली घातली, हसू लपवायला! लहानपणापासून मला त्या दुकानातच बसायचंय, हे घरात कुणाच्या गावीही नाही. सगळ्यांना मी साहेबीण व्हायला हवी.

४ मार्च
ठरलं. नापास व्हायचं.

७ मार्च
नापास होणंही सोपं नाही. आई सारखी डोकावते, म्हणून पुस्तक उघडं ठेवावं लागतं. उघडं पुस्तक थोडंफार डोक्यात शिरतंच.
दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक अडत होता. बाबा गिऱ्हाइकात गुंतलेले. मी गुपचूप चिमट्याने वाकलेली तार सरळ केली. टिकटिक सुरू. "हे आपोआप कसं चाललं?" बाबा म्हणाले. मी डबा ठेवून सटकले.

१२ मार्च
पेपर. कोरा द्यायचा होता. पण तिसरा प्रश्न — "नळ उघडा राहिला तर फरशी ओली होते. नळ बंद आहे, म्हणून फरशी कोरडी आहे, असा निष्कर्ष निघतो का?"
छे, मुळीच नाही. कुणी बादली लवंडली असेल. आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. नापास झाले तर दुकान, एवढंच बाबा म्हणाले. पास झाले तर दुकान नाही, हे ते कधी म्हणालेच नाहीत! ते शेपूट मीच जोडलं. नऊ दिवस निव्वळ गाढवपणा.
सगळा पेपर सोडवला. वर पुरवणी मागितली.

१३ मार्च
पण 'नाही' म्हणाले नाहीत, म्हणजे 'हो' म्हणाले असंही होत नाही. विचारावंच लागणार. तीनदा बाबांसमोर गेले, तिन्ही वेळा पाणी पिऊन परतले. नाही म्हणाले तर? भीती वाटते, खरंच.

१५ मार्च
निकालाला अजून महिना आहे. डबा घेऊन गेले, तर बाबांच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल. माझ्या उंचीचं. समोर एक भिंग आणि बंद पडलेलं घड्याळ.
"त्या दिवशीसारखं आपोआप चालतंय का, बघ," बाबा म्हणाले.
यात कुठेच 'जर' नव्हतं.