समोरच्या टेलरची सही

प्रिय बाबा,

आज पेणच्या बँकेतून रोह्याला परत आले ती थेट लिहायलाच बसले. ह्यांची सेकंड शिफ्ट आहे, डबा व्हायचाय, पण आधी हे. तुमचं खातं बंद करून आलो, आई आणि मी. तुम्ही जाऊन वर्ष व्हायला आलं तरी ती त्याला हात लावू देत नव्हती. आज कशीबशी तयार झाली आणि बँकेत जे बघायला मिळालं ते कोणाला सांगू? तुम्हालाच सांगते, कारण अर्धी चूक तुमची आहे.

काय हौस होती हो तुम्हाला सह्या करायची? आपलं शिवणाचं दुकान बँकेच्या समोर, हाच आपला गुन्हा. खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराने ओळख द्यावी लागायची. ह्या माणसाला मी ओळखतो, असं फॉर्मवर लिहून खाली सही. डोलवीला कंपनी आली, जमिनींच्या मोबदल्याचे चेक आले आणि ज्यांनी जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती ती माणसं दारात उभी राहिली. चेक वटवायला खातं हवं, खात्याला ओळख हवी. मॅनेजर काय सांगायचे? "जा, समोरच्या टेलरची सही घेऊन या." ठेवी वाढल्या म्हणून त्यांना वरून शाबासकी मिळत होती. तुम्हाला काय मिळत होतं? उलट चहा तुम्हीच पाजायचात!

"कुणाचा रं तू?" एवढंच तुमचं विचारणं. समोरच्याने बापाचं, आज्याचं नाव सांगायचं, मामाचं गाव सांगायचं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून त्याचा चेहरा न्याहाळायचात. घर ओळखीचं निघालं की झाली सही. आई म्हणायची, "अवो, तुमी घर ओलखता, मानूस कुठं ओलखता?"

"घर ओलखलं म्हंजे मानूस ओलखला नाय का?" तुम्ही हसायचात.

नाही ना, बाबा! नाही ओळखला!

जिते गावचा तो बबन आला तेव्हा मी दुकानातच काजं करत बसले होते. म्हणाला, मी काशिनाथ, नामदेवचा पोरगा. गाव खरं, घराणं खरं, आज्याचं नाव खरं. नाकसुद्धा नामदेवकाकांचंच. का नसेल? पुतण्या होता तो त्यांचा! खरा काशिनाथ कामासाठी गुजरातेत होता आणि त्याचा चेक सामाईक घरात येऊन पडला होता. तुमच्या सहीवर बबनने काशिनाथच्या नावाचं खातं उघडलं, चेक टाकला, पैसे काढले आणि पसार झाला. त्या संध्याकाळी तुम्ही आईला कौतुकाने सांगत होतात, नामदेवचा पोरगा अगदी बापावर गेलाय म्हणून.

काशिनाथ परत आला तो सरळ आपल्या दुकानात. "टेलर, तुला किती मिलालं त्यातलं?" भर गिऱ्हाइकांत विचारलं त्याने. तुम्ही नुसतं "नाय रं, नाय रं" करत राहिलात. माझ्या अंगाची आग आग झाली आणि तुम्ही मला सांगत होतात, त्याला बसायला दे!

मॅनेजरने लिहून दिलं की बँक ओळख देणाऱ्यावर विसंबली. चौकीत तुम्हाला बोलावलं, बाकड्यावर बसवून ठेवलं. पुढे घरातलं भांडण घरात मिटलं. बबनने थोडे पैसे परत केले, थोरल्यांनी मध्ये पडून काशिनाथला तक्रार मागे घ्यायला लावली. बबन सुटला. मॅनेजर बढतीवर बदलून गेले. अडकून पडलं ते तुमचं नाव. टेलरने कमिशन खाल्लं, हे बाजारात सगळ्यांना पाठ. गिऱ्हाइकं तुटली, त्यापेक्षा तुम्ही मान खाली घालून चालायला लागलात त्याचा मला जास्त राग येतो. का नाही ओरडलात एकदा तरी? मी किती वेळा म्हटलं, चला जित्याला, काशिनाथला समोरासमोर सांगू. "जाऊ गो, दिवाळीचं शिवान उरकू दे." शिवण उरकलं, तुम्हीही गेलात.

आता बँकेत कॉम्प्युटर आलेत, मॅनेजरला काचेची केबिन आहे. नवा क्लार्क म्हणाला, "खात्याला वारस लावलेला नाही. ह्या बाईंना ओळखणाऱ्या एका खातेदाराची सही लागेल." गावाला वारस लावायला सांगत फिरलात, स्वतःचा लावायला काय झालं होतं?

रांगेत गडब गावचे सीतारामकाका होते. त्यांचं खातं तुमच्याच सहीवर उघडलेलं. मी कागद पुढे केला तर म्हणाले, "नको गो बाय. सहीबिहीत नाय परायचं. तुझ्या बापाचं काय झालं ते बगितलंस ना?" आणि पंख्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. बबन! अंगात सफारी, हातात जीपची किल्ली. आता कंपनीत लेबर पुरवतो, बँकेचा मोठा खातेदार झालाय. मॅनेजर त्याला दारापर्यंत पोचवायला आलेले. त्याने आईला बघितलं, काय अडलंय ते विचारलं. "टेलरकाकांच्या घरच्या ना? आण इकडं, मी करतो सही."

क्लार्क खूश. "साहेब करताहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

बबनने पेन उघडलं. मी ह्या बाईंना चांगलं ओळखतो, असं छापलेलं होतं. मध्ये नावाची जागा रिकामी. त्याने मान वर केली आणि विचारलं, "काकी, तुमचं नाव काय?"

मॅनेजर शेजारीच उभे होते, बाबा. ऐकलं त्यांनी. कोणाला काही वावगं वाटलं नाही. मी तोंड उघडणार, तोच आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिने पुरतं नाव सांगितलं, तुमच्या नावासकट. त्याने लिहिलं, सही ठोकली आणि काम झालं.

एसटी स्टँडवर आईने पैसे पिशवीच्या तळाशी नीट ठेवले. मग म्हणाली, "सही करताना त्याचा हात पन नाय कापला गो."

त्या पैशांना मी हात लावणार नाही, ते आईचे आहेत. पण एक करणार आहे. रविवारी सकाळची गाडी पकडून जित्याला उतरणार. काशिनाथच्या ओटीवर उभी राहून त्याला सांगणार, माझ्या बापाने एक पैसा घेतला नाही. काशिनाथ, त्याने तुमच्या घरावर विश्वास ठेवला आणि तुमच्याच घराने त्याला बुडवलं. आळी गोळा झाली तर बरंच. तो मानो, न मानो, मी सांगितल्याशिवाय ओटीवरून खाली उतरणार नाही. आणि ह्या वेळी तुम्हाला विचारत नाहीये, बाबा. कळवते आहे.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची शालू