खणखणीत की बद्द

३ फेब्रुवारी
पूल पाडणार! कमानीला नोटीस लागली. खाली सही कोणाची? आमच्या चिरंजिवांची. मोठे इंजिनिअर! रविवार रविवार गळ घेऊन नदीवर बसायचे, एक मासा कधी घरी आला नाही. ते पुलाची परीक्षा करणार!

एकतीस वर्षं त्या लोखंडी पुलाचे पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट मी हातोडीनं ठोकून ऐकला. खणखणीत वाजला तर वहीत 'ठीक'. बद्द वाजला तर खडूची फुली. निवृत्त झालो त्या महिन्यात एकही फुली नव्हती. आणि चार वर्षांत पूल धोकादायक? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कोणाला?

४ फेब्रुवारी
त्याच्याशी बोलणं बंद.

९ फेब्रुवारी
घरात माणसं दोन, त्यामुळे अबोला पाळणं सोपं. तो ताट वाढून ठेवतो, मी जेवतो. ही असती तर एव्हाना दोघांचे कान उपटले असते.

हिला जाऊन चौदा महिने झाले. शेवटी शेवटी फार हळू बोलायची. "अहो, कान दाखवून या एकदा," म्हणायची. मी म्हणायचो, तूच जरा मोठ्यानं बोल की! दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारीही माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. मी आपलं "हो, हो" म्हणून हात थोपटला आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. काय म्हणाली असेल? रोज आठवतं.

१६ फेब्रुवारी
पुलावरची वाहतूक बंद. दोन्ही टोकांना पत्रे ठोकलेत. माळ्यावरून हातोडी काढली. उद्या त्याच्या अहवालाचे दात त्याच्याच घशात घालतो.

१७ फेब्रुवारी
पहारेकरी ओळखीचा, त्यानं आत सोडलं. तिसऱ्या गाळ्यातले साठ रिव्हेट ठोकले. सगळे एकसारखे वाजले. बद्द एकही नाही! वळलो तर मागे चिरंजीव. किती वेळ हाका मारत होता म्हणे.

"ऐक तुझा धोकादायक पूल!" मीच आधी बोललो. त्यानं माझा डावा हात धरला, बोट रिव्हेटच्या डोक्याला टेकवलं. "आता ठोका, बाबा."

ठोकला. बोटाखाली हलला. पुढचा — तोही. बोट लावून बघायचे ते नवशिके. मी कधी लावलं नाही. आपण कानावर चालणारे, त्याचीच ऐट!

१८ फेब्रुवारी
वहीतले माझे 'ठीक'. त्यातले खरे किती? त्या पुलावरून शाळेच्या बस जायच्या.

२० फेब्रुवारी
विचारलं त्याला, माझ्या कानांचं तुला कधीपासून माहीत होतं? मान खाली घालून बोलला — मोठ्यानं, सावकाश. नेहमी तसाच बोलतो माझ्याशी. मी उद्धट समजत होतो!

"आईनं सांगितलं होतं. म्हणाली, यांना ऐकू येत नाही, पण कबूल करायचे नाहीत. तू मागून बघत जा."

नोकरीची शेवटची दोन वर्षं. दर रविवारी गळ खांद्यावर टाकून जायचा आणि मी तपासलेले रिव्हेट पुन्हा तपासायचा. सैल निघाले ते गुपचूप बदलून घ्यायचा. आणि माशावरून मी त्याला चारचौघांत किती चिडवलं! हिच्यादेखत चिडवलं. ती हसायची नाही, तेव्हाही मला कळलं नाही.

मायलेकांनी मला सांभाळलं. आणि मी तेरा दिवस त्याच्याशी अबोला धरला. लाज वाटते.

२३ फेब्रुवारी
पहिला गाळा क्रेननं उतरवला. दोघं काठावर उभे होतो. मला रडू आलं. लपवलं नाही.

२४ फेब्रुवारी
आज धीर करून विचारलं — त्या दुपारी तू दाराशी होतास. ही काय म्हणाली होती मला?

तो कानाशी आला. "पाणी मागत होती, बाबा. तुम्ही बाहेर गेल्यावर मी दिलं."