अर्धा अंगठा

बाबा,

आईने काल विचारलं. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तुमच्या देहाचं पुढे काय झालं, याबद्दल तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. मी हॉस्पिटलातून आले, हातपाय धुतले, तिच्या कॉटवर टेकले, तर भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यांना तिथे कुणी दुखवलं नाही ना गं?" मी डॉक्टर आहे. मेलेल्या माणसाला दुखत नाही, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मी म्हटलं, "नाही गं आई. फार जपून वागली पोरं." तेव्हापासून जिवाला चैन नाही.

सगळं सुरू झालं ते माझ्याच तोंडामुळे. हायवेपलीकडच्या त्या नव्या मेडिकल कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. हाटकेशच्या आपल्या घरून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, पोरगी घरी राहून डॉक्टर होणार, म्हणून तुमची छाती फुगलेली. इमारत चकाचक होती, पण शिकायला मृतदेहच पुरेसे नव्हते. मी औषधाचा उग्र वास घेऊन घरी यायचे आणि आई अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. त्या दिवशी तुम्ही कालवणात भाकरी कुस्करत होतात. "आज काय शिकलीस?" तुम्ही विचारलंत. "मागे उभं राहून पुढच्यांची डोकी बघायला," मी करवादले. "एका टेबलाभोवती एवढी गर्दी, हात दिसत नाही की पाय." तुम्ही काशीमीऱ्याच्या गॅरेजातले फोरमन. ट्रकची इंजिनं खोलण्यात जन्म गेला, फॅनबेल्टमध्ये डावा अंगठा अर्धा गेला. गॅरेजच्या कोपऱ्यात एक बाद इंजिन ठेवलं होतंत. नव्या पोरांनी आधी ते खोलायचं, परत जोडायचं, मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा. भंगारवाला मागून मागून थकला, मालक कुरकुरला, पण तुम्ही ते हलू दिलं नाहीत. "खोलल्याशिवाय फिटर होत नाही," एवढंच बोललात आणि पुढचा घास घेतलात.

पुढच्या रविवारी पोहे खाताखाता म्हणालात, "तुझ्या सरांना सांग, माझं घ्या म्हणावं. फार चाललेलं इंजिन आहे, पण खोलायला चालेल." आईने झारा आपटला. मी रडायला लागले तर मलाच झापलंत. "रडतेस काय? कुणीच दिलं नाही तर ही पोरं डोकी बघूनच डॉक्टर होणार, आणि उद्या आपल्याच पोटाला सुरी लावणार." त्यावर आईसुद्धा हसली. नंतर तुम्ही खरंच कॉलेजात जाऊन सही करून आलात, तेव्हा मात्र ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

वर्ष उलटायच्या आत तुम्ही गॅरेजमध्ये छातीला हात लावून खाली बसलात, ते उठलाच नाहीत. कॉलेजची गाडी दारात उभी आहे. मामा जिन्यात ओरडतोय, "पोरीला डॉक्टर करायला बाप कापायला देताय?" आई तुमचा पाय धरून बसलीये, सोडत नाही. तिची बोटं मीच एकेक करून सोडवतेय. आमचे सर हळू आवाजात सांगताहेत, तुझ्या बॅचला देणार नाही, पुढच्या वर्षीच्या मुलांना देऊ. पुढे मामाने पालाशविधी करवला. देह हाती नसला की पळसाच्या पानांचा माणूस करून तो जाळतात, ते. तुम्ही पोट धरून हसला असतात. आईने त्या राखेला हात लावला नाही. "हे ते नव्हेत," म्हणाली आणि घरी निघाली.

आता जे आईला सांगितलं नाही ते. दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला ठेवलं होतं त्या हॉलवरून जायचंच टाळायचे, लांबचा जिना घ्यायचे. एक दिवस कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावर एक ज्युनिअर मुलगी वडापाव खात मैत्रिणीला सांगत होती, "अपना अंगूठा अंकल सबसे बेस्ट है यार. बाकी टेबलवाले जलते हैं हमसे." माझा चहा हातातच राहिला. असा संताप आला की उठून तिच्या मुस्काटात द्यावी. त्या अर्ध्या अंगठ्याने तुम्ही माझ्या वेण्या घातल्या होत्या, बाबा. आई आजारी असायची तेव्हा. पण मग त्या मुलीने स्वतःचा हात पसरला, अंगठा ताणला, आणि तो उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या कुठून निघतात, कुठे चिकटतात, ते मैत्रिणीला घडाघडा दाखवलं. एकही चूक नाही. मला ते परीक्षेपर्यंत धड कळलं नव्हतं. तुमचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला ते नको होतं. मी चहा टाकून निघून आले.

हे सगळं तुम्हाला आज सांगतेय, कारण सकाळी चहा देताना आईने माझा हात धरला. तिचं हृदय थकलंय. किती दिवस उरलेत ते मला कळतं आणि तिलाही. म्हणाली, "जपून वागली ना पोरं? मग मलाही तिथेच दे. इतकी वर्षं एकटेच आहेत ते तिकडे." पोरांचं शिकून झालं की कॉलेज देहाचं दहन करतं; तुम्ही आता तिथे नाही, कधीचेच नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? वॉर्डात मी परक्या माणसांना देहदान समजावून सांगते. माझं ऐकून कितीतरी जणांनी दिलं. बोलताना माझा आवाजसुद्धा हलत नाही. आईसमोर मात्र कप घेऊन उठले आणि विसळत बसले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दे की, त्यात विचार कसला. ते मला ऐकायचं नाही, म्हणूनच हे लिहून उशीखाली ठेवतेय. तसाही तुमचा शेवटचा पत्ता कॉलेजचाच होता. आईला मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला मी त्या पोरांना देऊन टाकलं, बाबा. आई मला हवी आहे, अग्नी देण्यापुरती तरी.