मयुरीची तुला आणि रविवारची सुई

शनि., २४ जाने.
म्हापशाला डॉक्टरकडे. उंची, वजन घेतलं. माझा बीएमआय तेहतीस, वर साखर. "तुम्हाला हे वजनाचं इंजेक्शन चालेल. आठवड्यातून एकदा." इतक्या लगेच चालेल म्हणाला, तिथेच मनात पाल चुकचुकली. मयुरी सोबत होती, तीही काट्यावर चढली. तिला म्हणाला, "तुझा पंचवीस. तुला हे देत नाहीत. गरजच नाही." घरी पेडण्यापर्यंत बसमध्ये पोर माझ्या औषधाची चिठ्ठी वाचत होती. आवयीला द्यायचं आणि लेकीला नको, हा काय न्याय ते देव जाणे.

रवि., २५ जाने.
पहिली सुई. मला सुई बघवत नाही. मयुरी म्हणाली, "आई, मी टोचते. तू देवाकडे बघ." पोटाची घडी धरली, जरा दाबलं, झालं. कळलंसुद्धा नाही. सुई टाकायला आपल्या खोलीत गेली. लेकीचा हात हलका.

गुरु., ५ फेब्रु.
दोन सुया झाल्या. भूक मरेल म्हणे. कसली मरते. सकाळी दोन उंडे पाव चहात बुडवून, दुपारी माशाचं हुमण, ताटभर शीत, परत शीत. ह्यांना विचारलं, तुम्ही माझ्या ताटात गुपचूप वाढता काय? "तूच वाढतस, तूच जेवतस. तुका सगळ्यांचोच दुबाव." संशय घेऊ नको तर काय करू? फार्मसीवाल्यावर माझा डोळा आहे. इंजेक्शनच्या पेनात नुसतं पाणी नसेल कशावरून?

रवि., ८ फेब्रु.
चोपड्याहून मयुरीची होणारी सासू आली. लग्न मे महिन्यात, पण होळीचा शिगमो झाला की आधी देवळात मयुरीची तुला. मयुरी पहिलीत असताना ताप डोक्यात गेला होता. तेव्हा देवळात बोलले होते, पोर वाचू दे, लग्नाआधी तिच्या भारोभार गूळ घालीन. विहीणबाई म्हणाल्या, "आमी सगळीं येतलीं. बघया गूळ कितको लागता तो." हसल्या. मीही हसले. मयुरी उठून आत गेली.
संध्याकाळी तिसरी सुई.

बुध., १८ फेब्रु.
चार झाल्या. माझं वजन अर्धा किलो वर. काटा बिघडला म्हणून शेजारणीच्या काट्यावर चढले, तिथेही तेच. म्हणजे पेनच खोटं. तणतणत फार्मसीत गेले. त्याने पेन उजेडात धरलं. "मावशी, औषध अस्सल आहे. बघा, चारही डोस गेलेत."
गेले कुठे मग?

शुक्र., २० फेब्रु.
शिंपिणीकडे मयुरीचे ब्लाउज. "गो बाय, महिन्याभरात केवढी सुकलीस?" मयुरी म्हणते, रोज चालते ना. चालते खरी. पण जेवत नाही. काल सुंगटांचं हुमण, तिच्या आवडीचं, ताटाला हात लावला नाही. सकाळी न्हाणीत ओकली. विचारलं तर पित्त.
पेन रिकामं. माझी भूक जागच्या जागी. हिची गेली.
माझी सुई ही स्वतःला टोचते. बाकी सगळ्यांवर संशय घेतला, घरात बघितलं नाही.

शनि., २१ फेब्रु.
ह्यांना काही बोलले नाही. बोलले तर घर डोक्यावर घेतील, आणि चोपड्याला कळेल. भटजींना विचारलं, मयुरीची तुला घरच्या घरी, चार माणसांत होईल? म्हणाले, "देवळात बोललात ना? मग देवळातच, सगळ्यांसमोर." एका पारड्यात पोर, दुसऱ्यात ढेपा, आणि विहीणबाई बघायला. वाचावी म्हणून बोललेला नवस. राग येतो, त्यांच्या त्या हसण्याचा. माझ्या हसण्याचा जास्त.

रवि., २२ फेब्रु.
नवं पेन. मयुरी जवळ बसली, पोटाची घडी धरली. "आई, देवाकडे बघ."
मान वळवली नाही. सुईचं टोपण काढलेलंच नव्हतं.
"आई, तिकडे बघ ना."
मी तिच्या तोंडाकडे बघत होते. गाल आत गेलेत. तापात असेच गेले होते.
पेन मुठीत घट्ट धरून म्हणाली, "देवळातली तुला होऊ दे. मग सोडते."
पेन मागितलं. अजून दिलेलं नाही.