पाणमांजराच्या फोटोखालचं नाव

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास, धाकट्याचा सा. न. वि. वि.

वकिलाचं डोकं मी कापलं नव्हतं, फोटो काढताना त्यानंच ते वर केलं होतं. तीन वर्षं झाली तरी प्रत्येक पत्रात तू तेच डोकं उकरून काढतोस. तुझ्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला हलू नका म्हणता येतं. इथं नदीवर पाणमांजराला कोण सांगणार?

नऊ दिवस आम्ही काठावरच्या झुडपात हिरव्या कापडाखाली बसलो. साहेब म्हणजे जंगली जनावरांचे फोटो काढणारं मोठं नाव. मी त्यांच्या पेट्या उचलतो, कॅमेरा तिवईवर बसवतो आणि शिंक आली तर गिळतो. संयम त्यांचा, कंबर माझी. दहाव्या दिवशी सकाळी साहेब पाण्याची बाटली घेऊन झाडामागे गेले, आणि तेवढ्यात पाणमांजर तोंडात मासा धरून समोरच्या दगडावर चढलं. मागून दोन पिल्लं, त्यातलं एक आईची शेपटी ओढतंय. मी बटण दाबलं. साहेब पट्टा आवळत आले तेव्हा दगडावर नुसती ओल होती.

मासिकात तो फोटो पानभर आला. खाली साहेबांचं नाव, आणि शेजारी संयम म्हणजे काय यावर त्यांचा दोन पानी लेख. बोललो तर नोकरी जाते. गप्प बसलो तर अन्न गोड लागत नाही. तू थोरला, तूच सांग, फोटो कुणाचा?

लोभ कमी झाला असेल तर उरला तेवढा असू दे.

तुझा धाकटा

ता. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू नऊ दिवस एका जागी बसलास हे वाचून तुझ्या वहिनीनं अक्षर तुझंच आहे ना ते दोनदा तपासलं.

कॅमेरा त्यांचा, जागा त्यांनी हेरलेली, खर्च त्यांचा. तुझं काय, तर एक बोट. तेव्हा फोटो साहेबांचा, असं लिहून परवा मी पाकीट चिकटवलंही होतं. वहिनी म्हणाली, तुम्ही असंच म्हणणार. का म्हणून विचारलं, तर तिनं स्टुडिओतला हसऱ्या म्हातारीचा फोटो भिंतीवरून उतरवून माझ्यापुढं उलटा ठेवला. मी जेवायला गेलो असताना तू काढलेला. मागे शिक्का माझा. असे आणखी किती, तेही तिला तोंडपाठ. मग पाकीट फाडलं आणि हे दुसरं लिहायला घेतलं.

माफी मागणार नाही, थोरला आहे. पण परत येत असशील तर पाटीवर माझ्याबरोबर तुझं नाव लावीन. रंगाऱ्याचे पैसे तू द्यायचेस. वकिलाच्या समोर मात्र कॅमेरा काढू नकोस.

रागावलास तरी पत्र टाकत जा.

दादा

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

नकोच मागूस माफी. तुला जमणार नाही, आणि मला ऐकवणार नाही.

साहेबांना विचारलं. पुढच्या अंकात कुठंतरी बारीक अक्षरात माझं नाव घाला म्हणालो. ते गोड हसले. म्हणाले, बटण कुणीही दाबतं, वाट बघणं ही कला आहे. मी म्हटलं, वाट दोघांनी बघितली, उठून गेलात ते तुम्ही. तेव्हा हसू गेलं आणि पाकीट आलं. हे घे आणि विषय मिटव. मी पाकीट घेतलं. विषय मिटवला नाही. संध्याकाळी मासिकवाले जेवायला आले होते, त्यांना वाढता वाढता सांगून टाकलं, दहाव्या दिवशी साहेब नेमके कुठं होते ते. आता पेट्या उचलायला ते दुसरा माणूस शोधतायत.

शनिवारी निघतो. त्याआधी पाटी तयार पाहिजे. दोन्ही नावं एकाच मापाची, माझं खाली नको आणि कोपऱ्यातही नको. रंगारी जागा पुरत नाही म्हणाला, तर तुझ्या नावाआधीचं ‘छायाचित्रसम्राट’ पुसायला सांग. भरपूर जागा होईल. आणि शिक्काही नवा करून घे.

लोभ आहेच, यापुढं तो निम्मानिम्मा. रंगाऱ्यासाठी साहेबांच्या पाकिटातले होते तेवढे सगळे पाठवतोय, तीन हजार रुपये.