हलगी शेकली त्याची हकीकत

तर मामा, हलगी चोरली हे पहिलं खोटं. भाच्यानं मामाच्या खुंटीवरची हलगी काढून नेली तर त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि म्हणायचंच असेल तर मला म्हणा, आईला फोन करून नाही. तुम्ही माझा फोन कापता म्हणून निपाणीच्या बसच्या कंडक्टरकडं हे पत्र देतोय. नमस्कार राहिला, तो इथं घ्या. गुडघा कसा आहे? (प्रणिता, बापाला तूच वाचून दाखवणार हे माहीत आहे. राग येईल ती वाक्यं गाळू नकोस, मग पत्रात काही उरणार नाही.)

दुसरं खोटं, मी दारूच्या गुत्त्यात नाचतो. नाचतात ते लोक. मी वाजवतो. इथं शहराबाहेर आनेकलला स्पीकर भाड्यानं देणाऱ्याच्या गोदामात मी खोकी उचलायचो, तिथं हा वादिराज यायचा. मल्लेश्वरमचा, चांगल्या घरचा, लॅपटॉपवर गाणी बनवतो. गाणी म्हणजे धम् धम् धम्, तासभर तेच. मी म्हटलं, अण्णा, याच्यात जीव नाही, आणि खोक्यावरच तुमचा जत्रेतला ठेका धरला. (सातवीत शाळा सोडली तरी तेवढं शिकलो होतो.) तेव्हापासून आमची जोडी, तो मशीन, मी हलगी. आधी लोक हसले. एका लग्नात नवरीच्या बापानं मला हलगीसकट जनरेटरच्या मागं उभं केलं, फोटोत दिसायला नको म्हणून. मग हसायचे थांबले आणि नाचायला लागले.

बेळ्ळंदूरच्या बारमध्ये जे झालं त्याला मात्र कारण तुम्ही. शेकल्याशिवाय हलगी तोंड उघडत नाही हे लहानपणापासून माझ्या डोक्यात कोणी घातलं? एसीनं कातडं गार पडलेलं, आवाज भिजल्या पुठ्ठ्यागत. मी मागच्या खोलीत परातीत पेपर पेटवले, आपण देवळामागं पेटवतो तसेच. (आपल्या देवळामागं वर आभाळ असतं हे ध्यानात राहिलं नाही.) धूर वर गेला, छतातली घंटा कोकलली आणि सगळीकडं वरून पाणी. वादिराज लॅपटॉप शर्टात घालून टेबलाखाली गेला. मी हलगी घेऊन बाहेर आलो आणि वाजवली, कारण शेकली होती आणि फुकट घालवायची नव्हती. लोकांना वाटलं कार्यक्रमच असा आहे! चिंब होऊन नाचले. मॅनेजरनं आधी गचांडी धरली, व्हिडिओ फिरल्यावर त्याच हातानं चहा दिला. आता आमच्या जोडीचं नाव शेकोटी आणि शनिवारी परत बोलावलंय. ठेका कसला होता हे एकानं विचारलं नाही. सगळे विचारतात, पाणी परत पडणार का?

तुम्ही म्हणता देवाची हलगी बाटवली. मामा, त्या देवळाची पायरी तुम्हाला कधी चढू दिली? आज्ज्यापासून खाली उभं राहून वाजवतोय आपण, पावसात सुद्धा. इथलं स्टेज माझ्या छातीएवढं आहे. हलगी वर असते आणि लोक खाली. हे बघायला न येता तुम्ही मला चोर म्हणता. म्हणा. माझं उत्तम चाललंय, मला कोणाची गरज नाही.

तुमचा चोर भाचा,
संग्राम

ता. क. हलगी बरी आहे असं वर कुठं लिहिलं नाही, हे प्रणिताच्या ध्यानात आलं असेल. कातडं भिजलं आणि शेवटच्या ठेक्याला मधोमध फाटलं. आज्ज्याचं लाकडी कडं शाबूत आहे, उशाशी घेऊन झोपतो. इथं मढवून देणारा सापडत नाही. वादिराज म्हणतो, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर, हलगीचा आवाज मशीनमध्ये भरून ठेवलाय, शनिवारी तो लावू, तू नुसता घंटेखाली जाळ धर. जाळ कोणीही धरेल. मग मी परत खोकी उचलायला जाऊ?

आणखी एक. कातडं घेऊन तुम्हीच या, बुधवारच्या आत, म्हणजे वाळायला वेळ मिळेल. मढवा, शेका (मागच्या आवारात, मॅनेजरला विचारून ठेवलंय) आणि पहिला ठेका तुम्ही धरा. वर उभं राहून. कंडक्टरकडं पाकीट आहे, कातड्याचे पंधराशे आणि येण्याच्या भाड्याचे आठशे. परतीचं भाडं मुद्दाम पाठवलेलं नाही, भांडण इथं येऊन पुरं करा. प्रणिता, हे कंडक्टरला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच: दोन हजार तीनशे.